रशियन एकच, मग देशोदेशी वेगळी का लिहितात?

नमस्कार. कझाकस्तान, किर्गिझस्तान, बेलारूस... रशियन भाषेला या तिन्ही देशांत राज्यघटनेने अधिकृत स्थान दिलंय. मग लिहिताना प्रमाण कुणाचं मानायचं?

व्याकरणापुरतं उत्तर सरळ आहे, मॉस्कोचं. १९५६ साली ठरलेले शुद्धलेखनाचे नियम सगळीकडे पायाभूत ठरले. कझाकस्तानातल्या अल्माटीने किंवा बेलारूसच्या राजधानीने, मिन्स्कने, आपलं वेगळं रशियन व्याकरण काढलेलं नाही.

घोळ होतो तो नावांत. १७ ऑगस्ट १९९५ ला रशियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रशासनाने जुन्या सोव्हिएत देशांची आणि राजधान्यांची नावं कशी लिहायची, याचा आदेश काढला. त्यात कझाकस्तानची तेव्हाची राजधानी 'अल्माटी' नाही, 'अल्मा-अता' आहे. एस्टोनियाची राजधानी 'ताल्लिन', तिच्या शेवटी एकच 'न' आहे. एस्टोनियातले रशियन भाषक मात्र सर्रास दोन लिहितात.

किर्गिझस्तानचं प्रकरण नीट समजून घ्या. रशियनमध्ये दोन 'इ' आहेत, एक साधा आणि एक जीभ मागे ओढून म्हणायचा, जाड. क, ग, ख यांच्यानंतर अस्सल रशियन शब्दांत साधाच येतो. म्हणून मॉस्को 'किर्गिझिया' लिहितं. तिथली राजधानी बिश्केकचे सरकारी कागद मात्र किर्गिझ उच्चाराप्रमाणे 'क' आणि 'ग' दोन्हींनंतर जाड 'इ' लिहितात. तिथे एमबीबीएसला जाणाऱ्या आपल्या मुलांनी अर्ज भरताना बिश्केकचंच रूप वापरावं. पुस्तकात वेगळं दिसलं तरी गोंधळू नका.

आता हुद्दे. कझाकस्तानात 'अकीम', म्हणजे प्रशासनाचा प्रमुख, गावाचाही असतो, शहराचाही, प्रांताचाही. भाषांतरात सरसकट 'गव्हर्नर' केलंत, तर गावचा प्रमुख थेट प्रांताच्या गादीवर बसतो! तिथले कायदेच रशियनमध्ये 'अकीम', 'अकिमात' (अकीमचं कार्यालय), 'मास्लिखात' (स्थानिक निवडून आलेली सभा) लिहितात. तसंच ठेवा.

घरगुती शब्द तर भरपूर. मिन्स्कमध्ये टेबलाचा खण म्हणजे 'शुफ्ल्यादका', कामावर न्यायचा डबा 'स्सबोइका'. अल्माटीत मोबाइलला 'सोत्का' म्हणतात. बोलताना बिनधास्त वापरा, परीक्षेत नको.

'युक्रेनमध्ये' म्हणताना मॉस्कोत 'ना' हे शब्दयोगी रूढ आहे. देशांच्या नावांआधी एरवी बहुतेक 'व' येतं, आणि युक्रेन सरकारने १९९३ साली तेच मागितलं. कीव्हला पत्र लिहिताना 'व'च लिहा. समोरच्याच्या देशाचा मान राखायचा, तर दुसरा पर्याय मला योग्य वाटत नाही.

बेलारूसचं विशेषण मात्र अजून अडलेलं आहे. देशाचं अधिकृत नाव 'बेलारूस', पण कोशात विशेषण 'बेलोरुस्की'च, मधे 'ओ' घालून. मिन्स्कमधले बरेच जण तिथे 'अ' लिहितात. रशियनच्या परीक्षेत 'ओ'च लिहा, नाहीतर ती चूक धरली जाते.