अण्णा हसतमुख नव्हते

(सोलापुरात निवृत्त टपाल कर्मचाऱ्यांच्या बैठकीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वहिनी, पोरींनो, आणि ज्यांच्याबरोबर रात्री काढल्या ते माझे आरएमएसवाले, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसवाले मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'निवृत्त कर्मचारी आणि त्याचं कुटुंब'. विषय मीच दिलाय, त्यामुळं तक्रारीला जागा नाही. पण त्याआधी पोटात साचलेलं एक काढून टाकतो. आपले आरएमएसमधले अण्णा, या वहिनींचे यजमान, गेल्यावर शोकसभा झाली. तिथं एक साहेब उठले आणि म्हणाले, अण्णा हसतमुख होते, मनमिळाऊ होते, कर्तव्यदक्ष होते. मी शेजारच्याला विचारलं, "मालक, हे कुणाबद्दल चाललंय?" अण्णा आणि हसतमुख! अहो, त्यांना हसताना बघायचं तर पगाराच्या दिवशीसुद्धा नशीब लागायचं. वहिनी मान हलवतायत बघा. मनमिळाऊ म्हणाल तर कॅन्टीनच्या चहावरून त्यांचं कुणाशी भांडण झालं नाही, असा माणूस या हॉलमध्ये असेल तर त्यानं हात वर करावा. नाही ना कुणी? मग.

माझी तक्रार एवढीच आहे, की माणूस गेला की आपण त्याच्या स्वभावाबद्दल बोलतो, आणि तोही खोटा. त्याच्या कामाबद्दल चकार शब्द नाही. हा माणूस तीस-पस्तीस वर्षं रात्रभर जागून नेमकं करत काय होता, हे त्या सभेत कुणाला कळलं? साहेबांनाही माहीत नसावं. ते नंतर आलेले, संगणकानंतरचे.

नव्या मंडळींसाठी सांगतो. रात्रीच्या मेलला पोस्टाचा डबा लागायचा. आत भिंतीभर लाकडी कप्पे, समोर टेबल, डोक्यावर पिवळा दिवा. सोलापूर सुटलं की टपालाच्या पिशव्या उघडायच्या आणि मोहोळ यायच्या आत पहिला ढीग हातावेगळा व्हायला लागायचा. कुर्डुवाडीला पंढरपूर-बार्शीच्या पिशव्या उतरणार, म्हणजे त्या तोवर बांधून, लाख लावून तयार पाहिजेत. तिथून पुढं त्या बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या गाडीनं जाणार. गाडी हलतेय, कप्पा हलतोय, आपण हलतोय. अण्णा डावी कोपर टेबलाच्या कडेला टेकवायचे, डाव्या तळव्यात पत्रांची चवड, अंगठ्यानं एकेक सरकवायची आणि उजव्या हातानं टाकायचं. कप्प्याकडे बघायचे नाहीत, नजर पत्त्यावर. पत्र आपलं आपण घरी जातंय असं वाटायचं. प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर छाटणाऱ्याचं, म्हणजे पत्रं गावांप्रमाणे वेगळी करणाऱ्याचं नाव. चूक झाली की ती नावानिशी परत यायची. निमगाव माढ्यात आहे, निमगाव माळशिरसमध्ये आहे. लिहिणारा नुसतं 'निमगाव, जि. सोलापूर' लिहून मोकळा. अण्णा पाठवणाऱ्याचं गाव बघायचे, आडनाव बघायचे, आणि टाकायचे. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, "या आडनावाची सोयरीक त्या अंगालाच असते."

त्यावरून आठवलं. ही गोष्ट माझ्या आवडीची आहे, ज्यांनी ऐकलीय त्यांनी पुन्हा ऐकावी. तेव्हा सोलापुरात मिलचे भोंगे वाजत होते. सिकंदराबादकडून आलेल्या टपालात एक पोस्टकार्ड निघालं. सगळं तेलुगूत. अण्णांच्या घरी कन्नड, शाळा मराठी, आणि तेलुगू ते शेजारच्या विडी वळणाऱ्या बायकांच्या पोरांबरोबर शिकलेले. आपल्या गावात हे काही नवल नाही. पत्ता असा होता: एक नाव, पुढं 'मिलमध्ये मागावर आहे, साखर पेठ, दारात लिंबाचं झाड, सोलापूर'. नाव-आडनाव असं, की साखर पेठेत हाक मारली तर दहा माणसं वळून बघतील. मागं मजकूर दोन ओळींचा. मुलगी झाली, दोघी सुखरूप, बारशाला ये.

नियमानं ते कार्ड 'अपुरा पत्ता' म्हणून परत जायचं. अण्णांचं म्हणणं, बाप तिकडं वाट बघत असेल. पण कार्ड ऑफिसाबाहेर न्यायचं नाही, हा नियमही त्यांचाच लाडका. म्हणून ड्यूटी संपल्यावर, रात्रभर न झोपलेला हा गृहस्थ रिकाम्या हातानं सायकल काढून साखर पेठेत लिंबाची झाडं शोधत हिंडला. पहिल्या झाडाखाली म्हातारी भेटली, तिनं दुसरं दाखवलं. दुसऱ्या झाडासमोर त्या नावाचा माणूस मिळाला. मिलमध्ये? हो. मागावर? हो. बायको बाळंतपणाला माहेरी? हो! अण्णांनी सांगितलं, मुलगी झाली. त्या बाबानं उधारीवर पेढे आणून गल्लीभर वाटले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कार्डावरचा शिक्का नीट बघितला आणि त्या माणसाला जाऊन सासरचं गाव विचारलं. बायकोचं माहेर भलतंच! खरा बाप निघाला पुढच्या बोळात, तिसऱ्या लिंबाखाली. त्याचीही बायको माहेरी, तोही मागावर. अण्णांनी कार्डावर लाल शाईनं बीट, म्हणजे पोस्टमनची हद्द, लिहिलं आणि ते रीतसर पोस्टमनच्या हातून पोचवलं. त्याचे पेढे आले. आठवड्यानं पहिल्याचं कार्ड आलं, त्यालाही मुलगीच! तो पेढे घेऊन थेट स्टेशनवर. म्हणाला, तुमचं पोस्ट फार पुढं आहे, आम्हाला आठ दिवस आधीच कळलं. त्या दिवशी अण्णा हसले. साक्षीदार मी.

असो. घड्याळाकडे बघू नका, अजून वेळ आहे.

पिनकोडचं मात्र सांगायलाच पाहिजे. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसानं. टपाल खात्यातला अधिकारी आणि संस्कृतचा कवी. आपल्या पोरांना हे नाव माहीत नसतं. अण्णा सुरुवातीला भडकले होते. "आकड्यानं गाव कळतं होय?" पण वर्षभरात त्याच आकड्यांचे असे भक्त झाले, की लग्नाच्या पत्रिकेवर पिन नसेल तर आहेर कमी करायचे. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, आता छत्तीसगडही. ४१३ म्हणजे आपण. पण नुसतं सोलापूर नव्हे बरं का. बारामती ४१३१०२, लातूर ४१३५१२, तुळजापूर ४१३६०१, आणि पार श्रीरामपूर ४१३७०९. पाच जिल्ह्यांत आपला आकडा. बारामतीचा माणूस भेटला की अण्णा म्हणायचे, "तुम्ही आमच्यातलेच की."

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

निवृत्त माणूस आणि कुटुंब. पटापट बोलतो. घरच्यांना आपला जेवणाचा डबा माहीत असतो, ड्यूटीचा तक्ता माहीत असतो, पेन्शनची तारीख तर पाठच असते. काम माहीत नसतं. अण्णांचं घर एका खोलीचं. सकाळी सहाला हे यायचे, सातला वहिनींची शाळा. मग दोन्ही पोरींच्या वेण्या अण्णा घालायचे. रिबिनीला गाठ तीच, मेलच्या पिशवीची. शाळेत बाईंनासुद्धा सुटायची नाही. मग पोरींना शेजारी पिटाळून, मे महिन्यात खिडकीला ओलं लुगडं लावून हे झोपणार. थोरलीनं परवा मला विचारलं, "काका, बाबा गाडीत रात्रभर काय करायचे ओ?" पन्नाशीची बाई आहे ती. चूक तिची नाही. अण्णांनीही सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

चालत्या गाडीतली छाटणी बंद झाली, ती नुसती ऑर्डरनं. तार १४ जुलै २०१३ ला बंद झाली तेव्हा निदान पेपरात फोटो आले. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा अण्णा अंथरुणावर होते. बातमी वाचून दाखवली तर एवढंच विचारलं, "मग पोचपावतीचं काय?" आपण दर नोव्हेंबरला रांगेत उभं राहून हयातीचा दाखला देतो. त्याच रांगेत एकेकाकडून त्याचं काम वदवून घेतलं असतं तर केवढी वही भरली असती! गाठ कशी मारायची, लाख किती तापवायची, कुठल्या स्टेशनाला कुठली गावं. हे कुठल्याही नियमपुस्तकात सापडायचं नाही.

अण्णांच्या नातीनं तेवढं शहाणपण केलं. शेवटच्या दिवाळीत मोबाईल समोर ठेवला आणि म्हणाली, आजोबा, दौंडपर्यंत म्हणून दाखवा. पाकणी, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, जेऊर, भिगवण, आणि प्रत्येकाखालची खेडी. मध्ये खोकला आहे, वहिनींची भांडी वाजतायत, पण आहे. ते आज ऐकवणार होतो. अध्यक्ष नको म्हणतायत, चहा गार होतोय.

तर माझी सूचना. दाराशी वही ठेवलीय, नावं लिहा. दर महिन्याला एकानं तासभर आपलं काम सांगायचं, घरच्यांना बरोबर आणायचं, पोरं रेकॉर्ड करतील. 'मी कर्तव्यदक्ष होतो' असं कुणी म्हणालं की माईक बंद. आधी आरएमएसवाले, मग बीटवाले. तारवाल्यांनी शेवटी यावं. जन्मभर त्यांचंच सगळं अर्जंट होतं.