मुगारची लायब्ररी

नमस्कार मंडळी. माझी लेक बॉस्टन युनिव्हर्सिटीत शिकते, परीक्षा आली की रात्री अकराला तिचा मेसेज, "आई, मुगारमध्ये आहे, जेवलेय." मुगार म्हणजे तिथली मोठी लायब्ररी. मार्टिन ल्युथर किंग तिथलेच पीएचडी, 1964 मध्ये त्यांनी आपली कागदपत्रं या युनिव्हर्सिटीकडे ठेवायला दिली. पण लायब्ररीला नाव आहे सार्किस आणि वोस्गितेल मुगार या जोडप्याचं, इथल्या बॉस्टनजवळच्या वॉटरटाउन गावच्या एका किराणा दुकानदाराचं आणि त्याच्या बायकोचं!

हे आर्मेनियन कुटुंब, ऑटोमन राज्यातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या खारपेर्तकडचं. मुलगा स्टीफन 1901 चा, लहानपणीच इकडे आला. 1915 मध्ये सार्किसनी 800 डॉलरला स्टार मार्केट नावाचं दुकान घेतलं आणि त्याच वर्षी तिकडे खारपेर्तमधल्या आर्मेनियन लोकांना घरांतून काढून सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकललं गेलं, त्या कत्तलींत लाखो माणसं गेली. गिऱ्हाइकाला साखर तोलून देताना त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, मला तर विचारही करवत नाही.

1922 मध्ये सार्किस मोटार अपघातात गेले. स्टीफन जेमतेम विशीतला, दुकान त्याच्या गळ्यात आलं, पण त्याने नात्यातली माणसं हाताशी धरून एकाची मोठी सुपरमार्केट चेन केली. न्यूटनव्हिलचं स्टार तर हायवेच्या वर बांधलंय, खालून मास पाईकच्या गाड्या जातात, आपण कितीदा तिथे कोथिंबीर घेतलीये. 1964 ला चेन ज्युअल कंपनीकडे गेली, 1966 ला स्टीफनच्या देणगीतून ही लायब्ररी उघडली. टफ्ट्स आणि नॉर्थईस्टर्नमध्येही मुगार नावाच्या इमारती आहेत, पण मला ही आईवडिलांच्या नावाचीच जवळची वाटते.

वॉटरटाउनला माउंट ऑबर्न स्ट्रीटवर आर्मेनियन दुकानं आजही आहेत. मागच्या महिन्यात तिथून वेणीसारखं पीळ घातलेलं चीज आणलं, त्यात काळे दाणे, चावून बघितलं तर चक्क कलौंजी! तिथल्या आजीबाई नातवाशी आर्मेनियनमध्ये बोलत होत्या आणि तो पोरगाही आर्मेनियनमध्येच उत्तरं देत होता, मी चीज हातात घेऊन तशीच उभी राहिले.

आपल्या मराठी शाळेची पुस्तकं अजून एका गॅरेजमध्ये खोक्यांत पडलीयेत, दर शनिवारी ती डिकीत घालून न्यायची नि परत आणायची. आपल्याही लायब्ररीचं पहिलं कपाट मी देते, माझ्या आई-बाबांच्या नावाने. कुठल्या खोलीत ठेवायचं ते जेवणं झाल्यावर बसून ठरवू या.