ड्रॅगन सोडा, आलेपाक बघा

नमस्कार मंडळी! आज ड्रॅगन नाही, युद्ध नाही, आज विषय आलेपाक. हो, तोच, खोकला झाला की आजी हातावर ठेवायची तो. माझं म्हणणं असं आहे की 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या पुस्तकमालिकेत, म्हणजे जिच्यावरनं 'गेम ऑफ थ्रोन्स' सिरीज काढली तिच्यात, त्या लोखंडी सिंहासनावर पुढे कोण दावा ठोकणारे आणि तो खरा की खोटा, याचं उत्तर तलवारीत नाहीये, एका पेटीतल्या आलेपाकात आहे. हसून घ्या आत्ताच, शेवटी बोलू.

आधी स्पॉयलरची पाटी लावते. पाचही पुस्तकं आणि आठही सीझन, सगळं फोडणारे मी. ज्यांना चालणार नाही त्यांनी इथेच थांबा, नंतर खाली येऊन शिव्या घालायच्या नाहीत.

ज्यांनी फक्त 'गेम ऑफ थ्रोन्स' सिरीज बघितलीये त्यांच्यासाठी पटकन. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या या मालिकेतलं पहिलं पुस्तक आलं 1996 ला, दुसरं 1998, तिसरं 2000. इथपर्यंत गाडी एकदम वेळेवर. मग चौथं 2005 ला आणि पाचवं 2011 ला. सहावं, म्हणजे 'द विंड्स ऑफ विंटर', अजून आलेलं नाही, आणि त्याच्यापुढे सातवंही आहे, त्याच्याबद्दल मी बोलतच नाही. मधल्या काळात एचबीओची सिरीज 2011 ला सुरू होऊन 2019 ला संपलीसुद्धा, म्हणजे पाहुणे जेवून हात धुवून निघून गेले आणि घरमालक अजून कणीक मळतायत. 2022 मध्ये मार्टिन एका टीव्ही शोमध्ये म्हणाले होते की साधारण पाऊण पुस्तक झालंय. आता ते पाऊण कुठल्या वजनाचं, देव जाणे.

तर एवढी वर्षं लोकांनी केलं काय? तीच पाच पुस्तकं परत वाचली. परत परत. एकेक वाक्य धुवून, पिळून, वाळत घातलं. त्यातनं थिअऱ्या निघाल्या, म्हणजे पुस्तकात काय दडलंय याचे वाचकांनी बांधलेले अंदाज. काही थिअऱ्या येडचापच आहेत, तो वॅरिस आहे ना, राजाचा टकला हेर, तो खरं तर जलपरा आहे म्हणे, आणि रूस बोल्टन नावाचा सरदार लोकांची कातडी घालून शतकानुशतकं जगतोय. वाचायला मजा येते, चहाबरोबर ठीक आहे.

पण चांगली थिअरी ओळखायची कशी, त्याची माझी एक साधी पद्धत आहे. तुम्ही कधी मिक्सर खोलून परत जोडलाय? आम्ही हॉस्टेलवर जोडला होता. जोडला, चालू झाला, सगळे खूश, आणि टेबलावर एक स्क्रू उरलेला. मिक्सर चालतोय, मग हा स्क्रू कुठला? मार्टिनच्या पुस्तकांत असे उरलेले स्क्रू भरपूर आहेत. गोष्ट त्यांच्याशिवायही चालते, पण मग ते आहेत कशाला? जी थिअरी उरलेला स्क्रू बरोबर जागेवर बसवते ती चांगली. जी फक्त धक्का देते ती नाही.

सगळ्यात जुनं उदाहरण घ्या. आर प्लस एल इज इक्वल टू जे. म्हणजे रेगार आणि लियाना यांचा मुलगा जॉन स्नो. रेगार हा टार्गेरियन राजघराण्यातला राजपुत्र, लियाना ही नेड स्टार्क या सरदाराची बहीण, आणि जॉनला सगळे नेडचाच अनौरस मुलगा समजतात. पहिलं पुस्तक आल्यावर वर्ष-दोन वर्षांत इंटरनेटवर लोकांनी हे ओळखलं होतं! आणि सिरीजमध्ये ते बाळ दिसलं कधी, तर 2016 ला, सहाव्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये. आणि ओळखलं कशावरून, तर असल्याच बारीकसारीक गोष्टींवरून. बायको विचारते तेव्हा नेड स्टार्क जॉनबद्दल काय म्हणतो, तर तो माझं रक्त आहे, तुला एवढंच कळलं तरी पुरे. रक्त म्हणतो बघा, मुलगा म्हणत नाही. बहिणीचा मुलगापण रक्तच की. मग ती स्पर्धा, हॅरनहॉलची, जिंकल्यावर रेगार स्वतःच्या बायकोला ओलांडून पुढे जातो आणि निळ्या गुलाबांचा मुकुट लियानाच्या मांडीवर ठेवतो. आणि मग दुसऱ्या पुस्तकात रेगारच्या धाकट्या बहिणीला, डॅनीला, जे भास होतात त्यात बर्फाच्या भिंतीच्या फटीतून उगवलेलं निळं फूल. आता बर्फाची भिंत म्हटलं की तिथे पहाऱ्यावर कोण राहतं? जॉन. झालं. आणि आपल्या लोकांना तर हे आधी कळायला पाहिजे होतं, कर्णाची गोष्ट ऐकत मोठे झालेलो आपण, ज्या पोराची आई कोण हे कोणी सांगत नाही त्याच्या जन्मात काहीतरी मोठं दडलेलं असतं हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून माहितीये.

असं म्हणतात की सिरीज करायला आलेल्या बेनिऑफ आणि वाइस या दोघांना मार्टिननी पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारला, जॉनची आई कोण? त्यांनी बरोबर सांगितलं आणि काम मिळालं. म्हणजे ही थिअरी इंटरव्ह्यूला विचारतात त्या लेव्हलची.

आता माझी सगळ्यात लाडकी. पाय थिअरी. हातपायातला पाय नाही, इंग्रजी पाय, आत सारण भरून भाजतात तो. जेवत असाल तर ताट जरा बाजूला ठेवा.

तिसऱ्या पुस्तकात रेड वेडिंग होतं, म्हणजे फ्रे घराण्यातले लोक लग्नाला घरी बोलावलेल्या पाहुण्यांना कापून काढतात. आता त्या जगात एक नियम आहे, यजमानाची भाकरी आणि मीठ खाल्लं की कोणी कोणाला हात लावायचा नाही. आपण म्हणतो ना खाल्ल्या मिठाला जागायचं, तसंच, पण तिथे खाणाराच नाही तर वाढणारापण बांधलेला. रेड वेडिंग झाल्यावर काही पानांनी नेडचा मुलगा ब्रॅन एक भुताची गोष्ट सांगतो, रॅट कुकची. एका आचाऱ्याने राजाला त्याच्याच मुलाचं मांस पायमध्ये घालून वाढलं आणि देवांनी त्याला मोठ्ठा पांढरा उंदीर केला. पण शाप कशासाठी मिळाला? खुनासाठी नाही, मांस खाऊ घातलं म्हणूनही नाही. घरात आलेल्या पाहुण्याला मारलं म्हणून. हे ब्रॅन स्पष्ट सांगतो. तेव्हा आपण म्हणतो बरं, छान आहे गोष्ट, पुढे चला. उरला स्क्रू.

आता डायरेक्ट पाचवं पुस्तक, मध्ये अकरा वर्षं गेली. वायमन मँडर्ली नावाचा सरदार, प्रचंड जाडा माणूस, सगळे त्याला भित्रा समजतात. त्याचा मुलगा रेड वेडिंगमध्ये मेलाय आणि त्या मुलाची हाडं घेऊन फ्रे लोक याच्याच घरी पाहुणे म्हणून आलेत, आणि हा त्यांच्याबरोबर हसून जेवतोय. ते निघताना प्रत्येकाला एकेक घोडा देतो, निरोपाची भेट. आणि मग त्यातले तीन फ्रे रस्त्यात गायब. नंतर विंटरफेलच्या किल्ल्यात लग्न आहे आणि हा मँडर्ली गाडीच्या चाकाएवढे तीन पाय घेऊन हजर! तीन फ्रे, तीन पाय. स्वतःच्या हाताने कापून फ्रे लोकांच्या साथीदाराला, रूस बोल्टनला वाढतो, समोर बसलेल्या फ्रे लोकांना वाढतो, असा पाय तुम्ही कधी खाल्ला नसेल म्हणतो, आणि स्वतः प्रत्येक पायमधले दोन-दोन असे सहा तुकडे खातो, अंगरख्यावर रस्सा ओघळलेला. आणि नंतर प्यायल्यावर गवयाला म्हणतो, जरा रॅट कुकचं गाणं होऊ दे.

कुठेही, कुठेही लिहिलेलं नाहीये की आत काय होतं. पुस्तकात डुकराचं मांस असंच लिहिलंय.

पण आता त्या घोड्यांकडे या. मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं, घोडे का दिले? निरोपाची भेट दिली की पाहुणचार संपला! आता ते पाहुणे नाहीत. म्हणजे मँडर्लीने जे केलं त्यात शाप लागतच नाही, कायद्यात बसवून केलंय सगळं, सीए माणूस एकदम. हे मला कळलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी रूममेटला उठवून सांगितलं. ती म्हणाली झोप. सिरीजमध्ये हे सगळं नेडच्या मुलीला, आर्याला देऊन टाकलं, मजा आली बघायला, पण घोडे गेले ना.

बरं, आता आलेपाक.

सिरीजवाल्यांना यंग ग्रिफ माहितीच नाही कारण त्याला सिरीजमध्ये घेतलाच नाही. पाचव्या पुस्तकात अचानक एक निळे केस रंगवलेला मुलगा येतो आणि कळतं की हा म्हणे एगॉन, रेगारचा मुलगा, जो लहानपणी भिंतीवर आपटून मारला होता. मेला नाही, बदलला होता, दुसरं बाळ मेलं. म्हणजे सिंहासनाचा खरा वारस जिवंत! थिअरी म्हणते की खोटं. हा टार्गेरियन नाहीच, हा ब्लॅकफायर. ब्लॅकफायर म्हणजे काय, तर चौथ्या एगॉन राजाच्या अनौरस मुलाचं घराणं, त्यांनी बंड केलं, हरले, समुद्रापलीकडे पळाले. टार्गेरियनांचा झेंडा काळ्यावर लाल ड्रॅगन, यांनी उलटा केला, लालवर काळा.

आता स्क्रू मोजा. दुसऱ्या पुस्तकात डॅनीला काठ्यांवर नाचवलेला कापडी ड्रॅगन दिसतो, लोक जल्लोष करतायत. कापडी, म्हणजे नाटकातला. गोल्डन कंपनी नावाची भाडोत्री फौज आहे, ती ब्लॅकफायरच्या बाजूच्या पळालेल्या लोकांनीच उभी केलेली, आणि ती या मुलासाठी पहिल्यांदाच आपला करार मोडते. ज्यांच्याविरुद्ध लढायला फौज काढली त्यांच्याच पोरासाठी का बुवा? इलिरिओ नावाचा जाडा सावकार आहे, तो म्हणतो काही करार शाईने लिहितात आणि काही रक्ताने. आणि हाच इलिरिओ बोलता बोलता म्हणून जातो की ब्लॅकफायरचा वंश संपला, पुरुषांकडचा. पुरुषांकडचा! अरे मग बायकांकडचा?

आणि हे जे आता सांगते ना ते वाचून मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसले होते. चौथ्या पुस्तकात, म्हणजे यंग ग्रिफ यायच्या सहा वर्षं आधी, ब्रिएन नावाची लढवय्यी बाई प्रवास करत असते आणि बरोबरचा म्हातारा पुजारी मेरिबाल्ड एका जुन्या खाणावळीच्या पाटीची गोष्ट सांगतो. लोखंडाचा काळा ड्रॅगन होता पाटीवर. काळ्या ड्रॅगनवाल्यांनी बंड केलं म्हणून तिथल्या जमीनदाराने चिडून ती पाटी तोडली आणि तुकडे नदीत फेकले. खूप वर्षांनी त्यातलं एक डोकं एका बेटावर वाहत आलं. पण तोपर्यंत ते गंजून लाल झालं होतं.

काळा ड्रॅगन. पाण्यात गेला. खूप वर्षांनी किनाऱ्याला लागला. लाल होऊन.

आता मला सांगा, खाणावळीची पाटी! प्रवासवर्णनाचा कंटाळा येऊन आपण ज्या पानांवरून बोट फिरवत जातो तिथे हे लपवून ठेवलंय.

आणि शेवटी आपला आलेपाक. इलिरिओ टिरियनला, म्हणजे घरातून पळालेल्या एका बुटक्या सरदारपुत्राला, त्या मुलाकडे पाठवतो तेव्हा सांगतो की एका पेटीत पोरासाठी आलेपाक ठेवलाय, त्याला पहिल्यापासून आवडतो. आणि म्हणतो, त्याच्या लग्नाला मी नसणार याचं वाईट वाटतं असं सांग त्याला. इलिरिओच्या घरात टिरियनला आधी कुठल्यातरी लहान मुलाचे जुने, भारी कपडे घालायला मिळालेले असतात, कुबट वासाचे. इलिरिओला मूल आहे असं कुठेच येत नाही. त्याची बायको सेरा, फिकट केसांची, मेली, तिचे हात त्याने अजून बेडरूममध्ये ठेवलेत, हो, खरेखुरे हात, तो विषयच वेगळा आहे. तर थिअरी म्हणते की सेरा ब्लॅकफायर आणि पोरगा या दोघांचा. मी हॉस्टेलला असताना कोणीही गावाकडून येणारं असलं की आई त्याच्या हातात डबा द्यायची, आणि मला सांगा, राजकारणासाठी पाळलेल्या पोराला कोणी डबा पाठवतं का? हत्ती देईल, पैसे देईल, फौज देईल. आलेपाक आईबापच पाठवतात.

आता इथे मीच माझ्या थिअरीवर पाणी ओतते, कारण हे सांगितलं नाही तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. मार्टिन स्वतःला माळी म्हणवतात. म्हणजे काही लेखक आर्किटेक्ट असतात, सगळा नकाशा आधी तयार, आणि काही माळी, बी पेरतात आणि काय उगवतं ते बघतात. 2015 मध्ये त्यांचं 1993 चं एक पत्र बाहेर आलं, एजंटला लिहिलेलं, त्यात अख्ख्या गोष्टीचा प्लॅन होता. तीन पुस्तकांत संपणार होती ही गोष्ट! तीन! आणि त्यात जॉन आणि आर्याचं प्रेम होतं. टिरियन विंटरफेल जाळणार होता. म्हणजे 1993 ला कोणी जॉन-आर्याच्या प्रेमाची थिअरी मांडली असती तर ती शंभर टक्के बरोबर असती, आणि आज शंभर टक्के चूक आहे. तर माझ्या आलेपाकाचंही तेच होऊ शकतं. बी पेरलं असेल, झाड आलंच नाही. आणि यंग ग्रिफ खरा की खोटा हे सांगू शकणारं कोण आहे, इलिरिओ आणि वॅरिस, दोघे पक्के थापाडे. म्हणजे पुस्तक आलं तरी आपण भांडतच बसणार, हे मी लिहून देते.

पाचव्या पुस्तकाच्या शेवटी जॉनला भोसकतात, तर जॉन मेला त्याचं काय, असं लगेच विचारतील. मेला, पण पाचव्या पुस्तकाची सुरुवात आठवा, प्राण्यांच्या अंगात शिरू शकणारा वॅरामीर मरतो आणि त्याचा जीव लांडग्यात जातो, चांगली लांबलचक प्रस्तावना आहे त्याच्यावर. शेवटच्या जॉनच्या चॅप्टरमध्ये तो पडताना शेवटचा शब्द काय बोलतो, तर 'घोस्ट'. त्याच्या लांडग्याचं नाव. यात थिअरी करण्यासारखंपण काही उरलेलं नाही, एवढं समोर आहे. आणि टिरियनची बहीण, राणी सेर्सी, तिला कोण मारणार, धाकटा भाऊ मारणार अशी भविष्यवाणी आहे, ती टिरियनला घाबरते आणि तिच्या मागोमाग जन्मलेला तिचा जुळा भाऊ जेमी पण धाकटाच की, एवढंच बोलते, कारण भविष्यवाणीत दोन हातांनी गळा आवळणार आहे आणि जेमीला हात आहे एक. दुसरा सोन्याचा. त्याच्यावर वेगळा व्हिडिओ करते.

तोपर्यंत एक काम करा. तुमच्याकडे पाचवं पुस्तक असेल तर सुरुवातीचे टिरियनचे चॅप्टर काढा आणि इलिरिओ निरोप देतो तेवढंच वाचा. तो शपथ घेतो की मी वेस्टरोसला, म्हणजे सिंहासन आहे त्या देशात, येऊन भेटेन, आणि शपथ कोणाची घेतो, तर सेराच्या हातांची. बेडरूममधल्या. वाचा आणि खाली लिहा, तो सावकार वाटतो का बाप वाटतो.