जत्रेतली डाव्या पायाची चप्पल

नमस्कार श्रोतेहो. बंदरावरचा जाणता माणूस मचवा पाण्यात किती बुडालाय एवढं बघूनच आत माल किती ते सांगतो. फळी उचलून बघत नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट वस्त्यांच्या, एका समूहाबद्दल असंच ताडलं. त्या दीर्घिका इतक्या जोरात धावत होत्या की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनावर त्या एकत्र टिकल्याच नसत्या. म्हणजे न दिसणारा माल भरलाय! त्यालाच म्हणतात कृष्णद्रव्य. विश्वाच्या हिशेबात आपलं ओळखीचं द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७. पुन्हा सांगतो, पाच आणि सत्तावीस.

ते कशाचं बनलंय? एक उमेदवार आहे न्यूट्रलिनो. सुपरसिमेट्री नावाची कल्पना म्हणते, प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो. या जोडीदारांच्या घराण्यातला सर्वांत हलका कण मोडत नाही, टिकतो. न्यूट्रलिनो म्हणजे बहुधा तोच. पण किती टिकले? त्यासाठी आमच्या गावच्या जत्रेत चला.

मी आठ वर्षांचा. काकाने मुंबईहून आजीला नव्या कोऱ्या चपला आणलेल्या. देवळाच्या पायरीशी चपलांचा हा ढीग! आजी म्हणाली, "झिला, लक्ष ठेव हां," आणि आत गेली. मी खाज्याची पुडी घेऊन बसलो. (खाज्यात आलं हवंच. हल्ली नुसता गूळ फासून देतात, त्याला मी खाजं म्हणत नाही.) दशावतार सुरू झाला, संकासुर आला, आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा फटफटलं होतं. ढीग गायब. गर्दी असताना डावीला उजवी लगेच सापडत होती, जोडी जमली की निघाली घरी. पण पाय लागून लागून चपला पांगत गेल्या. एक दीपमाळेजवळ, एक चहाच्या टपरीमागे, एक थेट पिंपळाखाली. आता त्यांची गाठ कशी पडणार? आजीची डावी तेवढी पायरीवर होती.

न्यूट्रलिनोंचंही हेच. आरंभीच्या तापलेल्या, दाटीच्या विश्वात दोन भेटले की दोघेही नाहीसे, आणि उष्णतेतून नवे तयार. विश्व निवलं, नवे होणं थांबलं. विश्व पसरलं, भेटीही थांबल्या. तोवर सेकंदाचा लाखावा हिस्साही उलटला नव्हता. भेटी थांबल्या, म्हणून जे उरले ते उरले. गंमत अशी, की या कणांची एकमेकांवरची पकड निसर्गातल्या क्षीण बलाइतकी (किरणोत्सर्गामागचं ते बल) धरली, तर उरलेला साठा साधारण कृष्णद्रव्याला हवा तेवढाच येतो. या जुळणीवर माणसांनी आयुष्यं घातली.

पण सापडला का? नाही. जिनिव्हाजवळच्या कण आदळवणाऱ्या मोठ्या यंत्रात २०१२ साली हिग्ज नावाचा कण सापडला, जोडीदार कण एकही नाही. अमेरिकेत जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, टनावारी झेनॉन वायू द्रवरूप करून ठेवलाय, आणि त्यावर कृष्णद्रव्याचा एखादा कण येऊन धडकतो का याची वाट बघणं चालू आहे.

आजी त्या दिवशी खाडीकाठाने अनवाणी घरी आली, चप्पल काखेत. मला वाटलं आता धपाटा. ती म्हणाली, "ही हंय आसा, म्हणजे दुसरीय खंयतरी आसतलीच." पुढच्या वर्षी जत्रेला निघताना ओटीच्या नारळाबरोबर पिशवीत तिने ती डावी चप्पलही घातली.