केटलमध्ये फक्त पाणी

नमस्कार. टॉवेल आणि चादरींच्या घाऊक व्यापारामुळे महिन्यातले दहा-बारा दिवस मी सोलापूरबाहेर, लॉजच्या खोलीत काढतो. तिथे सकाळी तळलेल्या वड्यांवर न विसंबता काय खावे, हा प्रश्न आपण इतक्या वेळा विचारला आहे की आज त्यावरच बोलायचे ठरवले.

सोपे आधी सांगून टाकतो. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि जवळच्या डेअरीतले दही असले की एक नाश्ता झाला. भाकरी दह्यात चुरून थोडा वेळ ठेवली की मऊ पडते. सातूचे पीठ मुळात भाजलेल्या धान्याचे असल्यामुळे पाणी आणि गूळ घालून कालवले की पुरे. सकाळी भिजवलेले मूग रात्री ओल्या रुमालात बांधून ठेवले, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात उजाडेपर्यंत मोड दिसू लागतात. थंडीत मात्र आणखी एक दिवस धीर धरावा लागतो. रुमाल आपलाच घ्यावा, कारण पांढऱ्या टॉवेलवर चटणीचे तेल पडले की डाग किती चिवट असतो, हे मी या धंद्यातला माणूस म्हणून जाणतो.

आता गरम नाश्त्याकडे, म्हणजे खोलीतल्या केटलकडे वळू. मागच्या व्हिडिओखाली कोणी लिहिले होते की दूध, ओट्स, अंडी, सगळे केटलमध्येच होते, तुम्ही उगाच अवघड करता. मी अवघड करत नाही. पाणी उकळले की त्याची वाफ केटलमधल्या दोन धातूंच्या एका पट्टीपर्यंत जाते, ती पट्टी तापून वाकते आणि बटण आपोआप बंद होते. दूध मात्र त्याआधीच फेसाळून वर येते आणि तळाशी चिकटून करपते. झाकण उघडे ठेवून लक्ष ठेवू, असे म्हणाल तर वाफ त्या पट्टीपर्यंत पुरेशी पोहोचत नाही आणि केटल उकळतच राहते.

हे मला वाचून कळलेले नाही. काही वर्षांपूर्वी एका लॉजमध्ये मीच घाईत केटलमध्ये दूध तापवले, ते उतू जाऊन केटल ज्यावर बसते त्या विजेच्या बैठकीत शिरले, मजल्यावरचे दिवे गेले आणि व्यवस्थापकांसमोर मान खाली घालून नवीन केटलचे पैसे मोजावे लागले.

शिवाय, आपल्यानंतर त्या खोलीत उतरणाऱ्या माणसाचाही विचार करावा. करपलेल्या दुधाचा वास दोनदा खळखळून धुतले तरी जात नाही, आणि त्याच केटलमधल्या पाण्याचा चहा त्याला प्यावा लागतो. म्हणून मी स्वतः खोलीत गेल्यावर पहिले पाणी उकळून फेकून देतो, कारण माझ्या आधी तिथे कोणी काय शिजवले असेल, याची मला कल्पना नसते.

मग उपमा कसा करायचा? रवा घरीच खमंग भाजून, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि मीठ घालून, पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरावा. खोलीत रुंद तोंडाचा थर्मास घेऊन त्यात आधी उकळते पाणी ओतावे आणि दोन मिनिटांनी फेकावे. गार थर्मास पाण्याची उष्णता ओढून घेतो आणि रवा कचकचीत राहतो. त्यानंतर 1 वाटी रव्याला 2 वाट्या खळखळते पाणी घालून लगेच ढवळावे आणि झाकण घट्ट लावून 10 मिनिटे अजिबात उघडू नये. वरून लिंबू पिळावे.

अंड्यांबद्दल विचारणाऱ्यांना माझे सांगणे असे की मीही अंडी खातो, पण ती आदल्या संध्याकाळी गाड्यावरून उकडलेली, सालासकट विकत आणतो, खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवतो आणि सकाळी सोलतो. फ्रिज नसेल तर मूग आहेतच.