श्लोकाच्या आधीची ओळ

(साताऱ्यातल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘वादग्रस्त नेत्याचं निधन आणि आपण’. यातलं ‘आणि आपण’ घडीत गेलंय, त्यामुळे आल्या आल्या दोघांनी दारातच हळूच विचारलं, ‘कोण गेलं?’ कुणी गेलेलं नाही. निदान साडेसहापर्यंत तरी नव्हतं.

ज्याच्यावर निम्मं गाव जीव टाकतं आणि उरलेलं निम्मं ज्याच्या नावानं बोटं मोडतं, असा माणूस गेला की काय बोलावं, कुणी, कधी आणि कुठे, या चार प्रश्नांवर आज बोलायचं आहे. पण त्याआधी एक श्लोक मोकळा करून घेऊ, कारण या विषयावर बोलायला तोंड उघडलं की तो मध्ये येतोच. ‘मरणान्तानि वैराणि.’ गेलेल्याबद्दल कुणी जरा वेगळा सूर लावला, की हे दोन शब्द पातेल्यावर झाकण ठेवावं तसे त्याच्यावर ठेवले जातात.

आता ते पातेलं बघू. प्रसंग वाल्मीकींच्या युद्धकांडातला. रावण पडलाय. राम विभीषणाला म्हणतो, अंत्यसंस्कार कर. विभीषण साफ नाही म्हणतो! धर्म सोडलेला, क्रूर, खोटारडा, परस्त्रीला हात घालणारा असा हा माणूस. नात्यानं भाऊ असला तरी माझा वैरीच. मी करणार नाही. पुढे तो काय म्हणतो ते तर आजच्या आपल्या विषयाचंच आहे. लोक आधी मला निर्दय म्हणतील, पण याचे गुण ऐकले की तेच म्हणतील, बरं केलंस. म्हणजे जनतेची प्रतिक्रिया काय येईल, याचा अंदाज बांधणारा पहिला माणूस विभीषण.

यावर राम त्याला गप्प बसवत नाही. तो म्हणतो, ‘अधर्मानृतसंयुक्तः काममेष निशाचरः’. यातल्या ‘कामम्’चा अर्थ ‘कबूल’. अधर्म आणि असत्य याच्या अंगी होतं, कबूल. पण तेजस्वी होता, बलवान होता, रणात कायम शूर होता. हे म्हणून झाल्यावर मग ती प्रसिद्ध ओळ येते: ‘मरणान्तानि वैराणि निर्वृत्तं नः प्रयोजनम्, क्रियतामस्य संस्कारो ममाप्येष यथा तव’. वैर मरणापाशी संपतं, आपलं काम झालं, आता याचा संस्कार कर. हा जसा तुझा तसा माझाही.

थोडक्यात, वैर संपवण्याआधी मेलेल्याचे दोष प्रेतासमोर उभं राहून मोठ्यानं कबूल केलेत. आपण ती ओळ गाळली. आणि राम मागतो तो संस्कार. आपण एक अक्षर बदलून सत्कार करून टाकला. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. घाईत असाल तर निघालात तरी चालेल.

कुणी निघालं नाही, बरं वाटलं.

ही रीत काही फक्त पोथीतली नाही. आपल्याच जिल्ह्यात प्रतापगड आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला खान पडला आणि गडाच्या पायथ्याला त्याची कबर झाली. तिच्याभोवती पुढे काय वाढलं आणि २०२२ साली काय पाडलं, ते तुम्हाला माहीत आहे, त्यात आज शिरत नाही. देह मातीला दिला आणि पोवाडाही रचला. एकासाठी दुसरं थांबलं नाही.

आता संस्कार म्हटलं की त्यालाही शास्त्र आलं, आणि आपली बोंब नेमकी तिथेच आहे. साधा झेंडा घ्या. राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवायचा म्हणजे आधी तो थेट टोकापर्यंत चढवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी काढतानाही पुन्हा टोकापर्यंत नेऊन मगच खाली. ध्वजसंहितेत हे स्पष्ट आहे. कचेऱ्यांतून होतं काय, की दोरी अर्ध्यावरच बांधून शिपाईदादा चहाला जातात. पार्थिवावर ध्वज घालताना केशरी पट्टा डोक्याकडे हवा, आणि चितेला अग्नी देण्यापूर्वी ध्वज काढून घ्यायचा. तो जाळायचा नाही की पुरायचाही नाही. हा मान शासकीय, लष्करी आणि निमलष्करी इतमामाच्या अंत्यविधीपुरता आहे, पण उत्साही कार्यकर्ते दुकानातून ध्वज आणून कुणाच्याही अंगावर घालतात.

तीच गत मौनाची. दोन मिनिटं म्हणजे एकशेवीस सेकंद. घड्याळ लावून बघा, फार लांब असतात. शोकसभेत पस्तिसाव्या सेकंदाला मागे कुणाचा तरी फोन वाजतो, चाळिसाव्याला अध्यक्ष खाकरतात आणि आयोजक ‘धन्यवाद’ म्हणून मोकळे होतात. उपाय सोपा आहे. मनात आकडे मोजणारा एक माणूस नेमा आणि शेवट त्याच्याच खुणेनं करा. अध्यक्ष सोडून कुणीही नेमा.

आणि फ्लेक्स! दहा बाय आठचा फ्लेक्स. गेलेल्याचा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला, मूळचा तळहाताएवढा, तो पाच फूट ताणला की चेहऱ्याचे चौकोन पडतात. खाली ‘शोकाकुल’ म्हणून बावीस जण, त्यांचे फोटो मात्र लग्नातले, गॉगलसकट. फाइल वाढदिवसाचीच असते, फक्त लाल रंगाच्या जागी काळा येतो. घाईत खालची ‘शुभेच्छुक’ ही ओळ पुसायची राहून जाते. हसू नका, पोवई नाक्यावरून जाताना वर बघत चला.

भाषेचं तर विचारूच नका. ‘कधीही भरून न येणारी पोकळी.’ आमदार-खासदार गेले तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१अ सांगतं, मुदतीचं वर्षभर उरलेलं असेल तर जागा सहा महिन्यांच्या आत भरा. कधीही भरून न येणाऱ्या पोकळीसाठी दहाव्यापासूनच तिघे तयारीला लागलेले असतात.

हे झालं नको ते. आता हवं तसं कुणी केलं, याचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे, आणि त्याला मी जरा वेळ देणार आहे. कराड तालुक्यातलं टेंभू. गोपाळ गणेश आगरकर तिथले, जन्म १८५६ चा. टिळकांचे जिवलग. १८८१ ला केसरी निघाला तेव्हा पहिले संपादक आगरकर. १८८२ ला कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या बदनामीच्या खटल्यात दोघे बरोबरच एकशेएक दिवस डोंगरीच्या तुरुंगात. आणि मग फाटलं. आधी सुधारणा की आधी स्वराज्य, या वादात असं फाटलं की १८८७ ला आगरकरांनी केसरी सोडला, दुसऱ्या वर्षी सुधारक काढला, आणि दोन्ही पत्रांतून दोघे एकमेकांची सालं काढू लागले. ते वाचलं तर आजचे ट्विटरवाले सोवळे वाटतील.

पुण्यातल्या सनातन्यांनी तर आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. पुतळा तिरडीवर बांधून, त्यांच्या घरावरून. आपल्या मरणावरची जनतेची प्रतिक्रिया स्वतः उभं राहून बघायला मिळालेला एवढा एकच मराठी माणूस माझ्या माहितीत आहे. पुढे १७ जून १८९५ ला ते खरंच गेले. चाळिशीही गाठली नव्हती, दम्यानं पोखरलेले, फर्ग्युसनचे प्राचार्य. आणि आपल्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवलेले. माणसं येतील न येतील, खांदा देतील न देतील, निदान लाकडांसाठी कुणापुढे हात पसरायला नको. तिरडीवरचा पुतळा बघितलेल्या माणसाचा हिशोब होता तो.

आणि केसरीत मृत्युलेख लिहायचा होता टिळकांना. ज्या माणसाशी सात-आठ वर्षं उभा दावा, त्याच्यावर. टिळकांनी लिहिला, रडत लिहिला असं सांगतात. पण त्यासाठी ‘आमचे मतभेद नव्हतेच’ असं काही त्यांना म्हणावं लागलं नाही. मतभेद साऱ्या महाराष्ट्राला पाठ होते. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले तेव्हाही तेच. आयुष्यभराचा विरोध, आणि स्मशानात टिळक म्हणाले, हा भारताचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न, कार्यकर्त्यांचा मुकुटमणी. मवाळ राजकारण बरोबर होतं, असं त्यात एका शब्दानं नाही. मान दिला, मत दिलं नाही.

आता याची उलटी बाजू, म्हणजे पेढे. साताऱ्यात उभं राहून पेढ्यांविरुद्ध बोलायला धाडस लागतं, मोती चौकातनं मला परत जायचंय. पण मरणावर पेढे वाटण्याचा इतिहास आपल्याला चुकवता येत नाही. ३० जानेवारी १९४८. गांधीजींच्या हत्येनंतर संघाच्या लोकांनी आनंद व्यक्त केला, मिठाई वाटली, असं सरदार पटेलांनी ११ सप्टेंबर १९४८ च्या पत्रात गोळवलकर गुरुजींना लिहिलंय. आणि दुसऱ्या बाजूला, मारेकरी ब्राह्मण म्हणून इथे काय झालं ते या सभागृहाला मी काय सांगू? सातारा, सांगली, कोल्हापूर, गावोगावचे वाडे पेटले. अठ्ठेचाळीसचं जळीत. ज्यांचे वाडे गेले, त्यांतल्या बहुतेकांनी नथुरामचं नाव त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं असेल. शोक झाला की हात गुन्हेगारापर्यंत पोचत नाही. मग जो हाताशी सापडतो त्याच्यावर पडतो. १९८४ ला दिल्लीत इंदिराबाईंनंतर शिखांवर पडला, तोही असाच.

जरा लांबचं उदाहरण घेतो, म्हणजे कुणाला लागणार नाही. ८ एप्रिल २०१३ ला मार्गारेट थॅचर गेल्या. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान, तीन निवडणुका सलग जिंकलेल्या बाई. त्याच संध्याकाळी ग्लासगोत, लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये लोक रस्त्यावर नाचले. चेटकीण मेली म्हणून आनंद करणारं १९३९ च्या एका चित्रपटातलं गाणं लोकांनी ठरवून विकत घेतलं आणि विक्रीच्या यादीत दुसऱ्या नंबरावर नेलं. बीबीसीची पंचाईत झाली. वाजवावं तर प्रेताचा अपमान, टाळावं तर मुस्कटदाबी. शेवटी बातमीच्या वेष्टनात गुंडाळून काही सेकंदांचा तुकडा वाजवला. नाक मुरडून औषध घ्यावं तसा.

पण १७ एप्रिलला सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये अंत्यविधी चालू असताना यॉर्कशरमधल्या गोल्डथॉर्प नावाच्या गावात बाईंचा पुतळा जाळला, तो मला वेगळा वाटतो. ते खाणकामगारांचं गाव. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभराचा संप हरले आणि पुढे खाण गेली. त्यांचा पुतळा आणि १९९० नंतर जन्मलेल्या लंडनच्या पोराचा नाच, दोन्हींना एकच शिवी घालता येत नाही. एकाचं पोट जळलं होतं, दुसऱ्याला सोमवारी रात्री काम नव्हतं.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’ असं लिहिलंय आणि खाली दोन रेघा ओढल्यात. म्हणजे चार प्रश्न प्रत्येकी अडीच मिनिटांत. बसवतो.

पहिली पायरी, माणूस खरंच गेलाय का ते बघा. २२ मार्च १९७९ ला जयप्रकाशजी गेले असं खुद्द पंतप्रधान मोरारजींनी लोकसभेत सांगितलं, श्रद्धांजल्या झाल्या, आणि जेपी जसलोक रुग्णालयात जिवंत होते. ते गेले ८ ऑक्टोबरला. तेव्हा व्हॉट्सॲप नसताना ही गत.

कधी आणि कुठे? सावडणं होईपर्यंत घरच्यांच्या दारात, घराच्या गल्लीत, कुटुंबाच्या ग्रुपवर हिशोब काढू नका. वर्तमानपत्राला मात्र दुसऱ्या दिवशीच पूर्ण लिहावं लागतं. तिथे थांबणं म्हणजे गाळणं. म्हणून मृत्युलेख आधी तयार ठेवतात: तारखा, पदं, निर्णय, आणि त्या निर्णयांनी कुणाचं काय झालं. हा चौथा रकाना रिकामा राहिला तर तो मृत्युलेख नव्हे, जाहिरात.

कुणी? ज्याला झळ बसली त्याचा हक्क पहिला. त्याला श्लोक ऐकवू नका. बाकीच्यांनी त्याच्या दुःखावर आपली हौस भागवू नये.

कायदा. मृताची बदनामी हा गुन्हा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, पहिलं स्पष्टीकरण. पण दोन अटी आहेत. तो माणूस जिवंत असता तर त्याच्या लौकिकाला धक्का बसला असता असा आरोप हवा, आणि जवळच्या नातेवाइकांना दुखावण्याचा हेतू हवा. निर्णयावरची टीका यात सहजी बसत नाही. तरी पोलीस काय करतात? नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब गेले. बंद कशाला, अशा अर्थाची एक पोस्ट पालघरच्या एका मुलीनं टाकली, दुसरीनं ती लाइक केली, दोघींना अटक. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. पुढे २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ हे कलमच रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच होतं, आणि २०२१ ला त्याच न्यायालयाला आश्चर्य व्यक्त करावं लागलं. कलमही मेलं, पण सावडायला कुणी गेलं नाही.

शेवटचं, विरोधकाला श्रद्धांजली. तीन मिनिटं, कागदावर लिहून. पहिलं वाक्य घरच्यांसाठी. दुसरं, त्यानं केलेलं एक काम, नावानिशी, गावानिशी. ‘विकासपुरुष’ चालणार नाही. तिसरं, ‘अमुक प्रश्नावर आमचा त्यांना विरोध होता आणि आहे.’ यातलं ‘आणि आहे’ गाळू नका, रामानंही ‘कामम्’ गाळलं नव्हतं. चौथं, नमस्कार. आपल्या स्वतःच्या आठवणी नकोत, सभा तुमची नाही. विशेषणं जास्तीत जास्त दोन. आणि बोलून झाल्यावर त्यांच्या मुलाशेजारी फोटोला उभं राहू नका, तो दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर येतो.

दुसरी चिठ्ठी आली, हिच्यावर नुसत्या रेघाच आहेत. प्रश्न बाहेर पायऱ्यांवर घेतो. उठताना एवढंच करा, सवयीनं कुणी दोन मिनिटं स्तब्ध राहू नका, गाड्यांचं फाटक नऊला लावतात.