आधी पाऊल, मग चामडं

श्रोतेहो, नमस्कार.

स्वतःचे बूट स्वतः शिवायचे ठरवलं, की माणूस आधी चामड्याच्या मागे लागतो. रंग कोणता, जाडी किती, गाईचं घ्यावं की म्हशीचं! माझं म्हणणं, चामडं राहू द्या बाजूला. आधी आपलं पाऊल नीट बघा.

डावं-उजवं पाऊल तंतोतंत सारखं सहसा नसतं. शिवाय दिवसभरात पाय थोडे सुजतात. म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं, तेही उभं राहून, अंगाचा भार पावलांवर टाकून. कागदावर दोन्ही पावलांची रेघ मारा. मग टेप घेऊन चवड्याचा घेर, कमानीवरचा घेर, टाचेवरून पायाच्या वाकापर्यंतचा घेर, आणि बूट उंच असेल तर घोट्याच्या वरचाही.

ही सगळी मापं उतरतात फर्म्यावर. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लास्टिकचा ठोकळा. दुकानातला बूटही फर्म्यावरच बनतो, पण तो फर्मा कुणा एकाच्या पायाचा नसतो. इंग्लिश मापात एका नंबराने लांबी वाढते एक तृतीयांश इंच, म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. तुमचं पाऊल दोन नंबरांच्या मध्ये पडलं तर? अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं असलं तर? घरच्या कामात याला सोपा उपाय आहे. तयार फर्मा आणायचा, हाड येतं तिथे चामड्याचा तुकडा चिकटवायचा आणि कानशीने घासून उतार जुळवायचा. माझ्या मते निम्मा बूट इथेच झाला.

आर्मेनियातल्या एका गुहेत २००८ मध्ये सुमारे ५,५०० वर्षांपूर्वीचा चामडी जोडा सापडला. एकाच पायातला, अखंड चामड्याचा, आणि स्पष्टपणे उजव्या पायाचा! उलट सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातले बहुतेक जोडे सरळ फर्म्यावर बनत, त्यांत डावं-उजवं नसेच. हिलाही प्रगतीच म्हणायचं.

आता चामडं. वरच्या भागाला दीड-दोन मिलिमीटर जाडीचं पुरतं. तळाला जनावराच्या पाठीचं, चांगलं पाच मिलिमीटरचं हवं. पोटाकडचं चामडं ताणतं, ते तळाला नकोच. आतला तळ मात्र झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याचाच घ्या. घाम आणि ऊब लागून तो तुमच्या पावलाचा ठसा घेतो.

सगळ्यात अवघड काम, वरचं चामडं फर्म्यावर चढवण्याचं. ओलसर करायचं, पकडीने ओढायचं, खिळे ठोकायचे. आधी टोकाला, मग दोन्ही बाजूंना. बोटांपाशी चुण्या पडतात, त्या एकेक करून विरवाव्या लागतात. शिलाईची यंत्रं बुटांच्या कारखान्यांत पोचली होती, तरी हे काम हातानेच चाले. चामडं फर्म्यावर चढवणाऱ्या यंत्राचं पेटंट अमेरिकेतल्या बूट-कारखान्यातला कामगार यान मॅट्झलिगर याला मिळालं ते १८८३ साली. तेव्हा तुमच्या पहिल्या जोडाची नाकं एकमेकांसारखी आली नाहीत, तर फार मनाला लावून घेऊ नका. चढवलेलं चामडं पुरतं वाळेपर्यंत फर्मा काढू नका, म्हणजे झालं.

शिलाईला आरीने भोक पाडायचं. मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि एकाच भोकातून दोन्हीकडून टाका. यात एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. यंत्राच्या शिलाईला हे जमत नाही.

घालायला लागाल तेव्हा घाई नको. पहिल्यांदा तासाभरापुरते, घरातल्या घरात. रोज तोच जोड न वापरता एक दिवसाआड घाला, आतला घाम सुकायला वेळ मिळतो. भिजले तर आत कागद कोंबून सावलीत ठेवा. शेगडीजवळ ठेवलेत तर चामडं आकसून तडकेल. आणि बूट कुठे चावलाच, तर त्याच दिवशी फर्म्यावर त्या जागी पेन्सिलीने खूण करा. पुढच्या जोडाच्या वेळी तिथे तुकडा चिकटवायचा आहे.

नमस्कार.